गठ्ठा क्रमांक सहा

शनिवारी सकाळी सव्वानऊला बाबांनी बाहेरच्या खोलीतून हाक मारली, "तेजल, हा उठत नाहीये. इंग्रजीत काहीतरी म्हणतो आहे."

मी पहिला चहा घेत होते. आठवड्याचे पाच दिवस मी ब्रेडा या डच शहरातल्या एका मालवाहतूक कंपनीसाठी हेच ऐकते. गोदामवाले, ट्रकवाले, वरचे साहेब, सगळ्यांचं काही ना काही उठत नसतं आणि ते उठवायचा मला पगार मिळतो. शनिवारी कोणी मला काही उठवायला सांगितलं की डोक्यात तिडीक जाते. माझा नवरा सिद्धार्थ म्हणतो, माझा तेव्हाचा चेहरा पाहून निम्मे कॉम्प्युटर भीतीनेच सुरू होत असतील. तो एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधन करतो, आठवडाभर तिकडेच राहतो आणि त्या शनिवारीही तिथेच अडकला होता, म्हणून हे ऐकवायला घरात नव्हता.

स्क्रीन काळा होता. वर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ होती: एनटीएलडीआर इज मिसिंग. ही एक छोटीशी फाईल असते, विंडोजला झोपेतून उठवणारी. ती जागेवर नसली की बाकी सगळं घर शाबूत असूनही दार उघडत नाही. आजकालच्या मशीनवर हा संदेश दिसत नाही. माझ्या हाताखालच्या पोरांनी तो पाहिलेलाही नसेल.

पण बाबांचं मशीन आजकालचं नव्हतंच. बाबा म्हणजे भानुदास तायडे, पाटबंधारे खात्याच्या अमरावती कार्यालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालेले. मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेले, आणि ते कोणालाही पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था करणारे. ऑगस्टमध्ये ते तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे फोरबर्गला आले ते एक सीडीचं पाकीट, एक पेनड्राइव्ह आणि एक अट घेऊन. अट अशी की टाइप करीन तर माझ्या जुन्या सॉफ्टवेअरवरच. ते सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वीच्या विंडोजखेरीज कशावर चालत नाही. नवा फॉन्ट, नवा कीबोर्ड, सगळं माझं दाखवून झालं. बाबांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "छान आहे. माझं कधी सुरू करतेस?" शेवटी मी क्रिंगलोपमधून, म्हणजे इथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून, एक धूळ खात पडलेला टॉवर उचलून आणला. चाळीस जीबीच्या डिस्कचे दोन भाग केले. सी मध्ये विंडोज आणि डी मध्ये बाबांचं लिखाण. सांगितलं, "बाबा, सी ला हात लावायचा नाही. तिथे कोणीच हात लावत नाही."

लिखाण म्हणजे पुस्तक. दर्यापूरच्या ज्या बोर्डिंगात राहून बाबा मॅट्रिक झाले, त्या बोर्डिंगच्या त्रेसष्ट मुलांची हकीकत. कोणत्या गावचा, कोणाचा, आला कधी, गेला कधी, पुढे काय झालं. बहुतेकांच्या आईबापांना सही येत नव्हती, त्यामुळे या मुलांबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. बाबांना हे खटकायचं. त्रेसष्ट माणसं आणि एक कागद नाही, म्हणजे काय? डिसेंबरात बोर्डिंगचा मेळावा होता आणि पुस्तक तिथे निघायचं होतं. अमरावतीचा छापखानेवाला रविराज रोज फोन करून सांगत होता की रविवारपर्यंत फाईल मिळाली तर दिवाळीआधी छापतो, नाहीतर नंतर लग्नपत्रिकांच्या गर्दीत तुमचं पुस्तक मार्चवर जाईल.

पहिली एकशेचाळीस पानं बाबा गावाहून पेनड्राइव्हवर घेऊन आले होते. उरलेली साठ इथे झाली, आणि सगळी मिळून सगळ्यात मोलाची तीच. बोर्डिंगातून मध्येच निघून गेलेल्या सतरा मुलांचं पुढे काय झालं हे कोणालाच माहीत नव्हतं, फक्त वासुदेवकाकांना माहीत होतं. ते त्या वेळी बोर्डिंगची हजेरी लिहायचे आणि पुढे एसटीत कंडक्टर असल्यामुळे गावोगाव त्या मुलांना भेटत राहिले होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांनी त्यांना चार दुपारी अकोल्याला फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवून, काका बोलतील तसं थेट टाइप केलं. कच्चं टिपण वगैरे काही नाही. चाळीसचा वेग असलेल्या माणसाला टिपण लागत नाही, असं बाबांचं म्हणणं. मी त्या दिवसांत घरून काम करत होते. काकांचा मोठा आवाज आणि कीबोर्डची खडखड माझ्या मीटिंगमध्ये येत होती म्हणून मी मधलं दार लावून घेतलं होतं. त्यानंतर दोन आठवड्यांत काका गेले.

आता माझा या सगळ्यातला भाग. पुस्तकाची पानं वाढायला लागली तशी बाबांनी विचारलं होतं, "याची स्थळप्रत?" सरकारी कचेरीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाची एक प्रत कचेरीत राहते, ती स्थळप्रत. त्यांना प्रिंट काढून हव्या होत्या. मी म्हटलं, बाबा, इथे कोणी प्रिंट काढत नाही. आणि पेनड्राइव्ह तुम्ही लावायचा नाही, त्यातून व्हायरस येतात, आमच्या ऑफिसात बंदीच आहे. दर रविवारी मी स्वतः कॉपी घेईन. पहिले तीन रविवार घेतली. मग एका रविवारी कामावर काहीतरी पेटलं, पुढच्या रविवारी आम्ही सिद्धार्थकडे गेलो, आणि त्यानंतरचे रविवार कसे गेले ते मला सांगता येणार नाही. बाबांनी आठवण करून दिली नाही. अधिकाऱ्याने घेतलेल्या कामाची लिपिकाने रोज आठवण करून द्यायची नसते.

तर त्या काळ्या स्क्रीनसमोर उभं राहून मी पहिला प्रश्न तोच विचारला जो मी दिवसातून दहादा विचारते. "बाबा, काही डिलीट केलंत का?"

"छे," बाबा म्हणाले. "सहीशिवाय मी काही नष्ट करत नसतो."

मी विचारलं काय, उत्तर काय! पण बाबांची उत्तरं अशीच असतात आणि त्यामागे सहा गठ्ठे असतात हे मला ठाऊक होतं. सरकारी टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे असा नियम आहे: चालू कामाचे, उत्तराची वाट पाहणारे, ठरावीक मुदतीने परत येणारे, कायमच्या आदेशांचे, अभिलेख कक्षात जतन करायला पाठवायचे, आणि सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. सहाव्यातलं काहीही साहेबाच्या सहीशिवाय जात नाही. बाबा निवृत्त झाले तरी गठ्ठे निवृत्त झाले नाहीत. आल्यापासून त्यांनी माझ्या हेमेंतेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पत्रांचे सहा गठ्ठे केले होते, औषधांच्या डब्याचे केले होते, फ्रिजचेसुद्धा. मागच्या मंगळवारी लोणच्याच्या तीन जुन्या बरण्या टाकण्यासाठी त्यांनी माझ्यापुढे वही धरली होती आणि मी फोनवर बोलता बोलता न वाचता सही ठोकली होती. त्या घरात साहेब मी होते. मला हसू यायचं आणि थोडा रागही यायचा.

"ठीक आहे," मी म्हटलं. "दहा मिनिटांचं काम आहे."

असं म्हणणाऱ्या माणसाला मी ऑफिसात ओरडते.

इलाज सोपा असतो. विंडोजची सीडी घालायची, दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर जायचं, हरवलेली फाईल सीडीवरून डिस्कवर उतरवायची. सीडी बाबांनी आणलेलीच होती, कोणीतरी अमरावतीत कॉपी करून दिलेली, वर मार्करने लिहिलेलं. ड्राइव्हने ती तीनदा घेतली आणि तीनदा थुंकली. ओढणीला पुसून, फुंकर मारून, शिव्या देऊन चौथ्यांदा चालली. फाईल उतरवली. मशीन पुन्हा सुरू केलं. आता दुसरी ओळ: एनटीडिटेक्ट फेल्ड. म्हणजे दुसरी फाईलही गायब.

एक फाईल जाणं समजतं. दुसरी लगेच गेलेली पाहून माझ्या कपाळावर आठी पडली. पुन्हा सीडी, पुन्हा फुंकर, दुसरी फाईल उतरवली. साडेदहा वाजले. पुन्हा सुरू केलं. तिसरी ओळ आली, आणखी एक फाईल सापडत नाही म्हणून. मी टेबलावर हात आपटला. बाबा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले. दुसऱ्या हातात वही होती, कालची तारीख घातलेली.

"तेजल, चहा घेता घेता ही वही बघतेस का? काल तू म्हणालीस उद्या बघते."

"बाबा, आत्ता वही नको."

"नोंदी पूर्ण आहेत. फक्त सही राहिली आहे."

"बाबा, तुमचं पुस्तक आत अडकलं आहे. रविराजला उद्या फाईल द्यायची आहे. मी इथे जीव खाऊन काम करते आहे आणि तुम्हाला सही पाहिजे?"

आवाज चढला होता. बाबांनी वही टॉवरवर ठेवली आणि चहा तिच्यावर ठेवला, माझ्या हाताशी येईल असा. ते खुर्ची ओढून मागे बसले. कोणी मागे बसून बघत असलं की माझ्या हाताचं काम बिघडतं. ऑफिसात मी अशांना कॉफी आणायला पाठवते.

बारा वाजेपर्यंत मी नाकी नऊ येईतो झगडले. ज्या फाईलमध्ये विंडोज कुठे आहे हे लिहिलेलं असतं ती नव्यानं बनवण्याची एक आज्ञा असते. ती दिली. मशीन बराच वेळ घरघरलं आणि म्हणालं की डिस्क तपासता येत नाही, बहुधा डिस्कवरची मांडणीच बिघडली आहे. तिथे माझ्या डोक्यात सगळं जुळलं. एकामागून एक फाईल गायब, वर हा संदेश. डिस्क मरायला लागली होती. वीस वर्षांची जुनी डिस्क, क्रिंगलोपमधली, मरणारच. इतके पुरावे समोर असताना वेगळा विचार कोण करेल? आज मी याचं उत्तर देऊ शकते, पण तेव्हा मला खात्री होती, आणि खात्री झाली की माझा स्वभाव आणखी वाईट होतो.

सिद्धार्थला फोन लावला. तो म्हणाला, "डिस्क बाहेर काढ आणि लॅपटॉपला जोड. आधी बाबांचं सगळं उतरवून घे, मग बाकीचं."

"त्याला लागते ती जुनी केबल ब्रेडाच्या ऑफिसात आहे. सोमवारी मिळेल."

"मग सोमवारी कर ना."

"सोमवारी रविराजच्या मशीनवर दुसऱ्याचं काम चढलेलं असेल."

"तेजल, एक दिवस उशीर झाला तर—"

"तू तिथे बसून सांगू नकोस," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तो बरोबर सांगत होता, आणि बरोबर सांगत होता म्हणूनच मला जास्त राग आला.

मग मी ठरवलं. मरणारी डिस्क सोमवारपर्यंत टिकेल याचा काय भरवसा? सी वरचं सगळं पुसून तिथे विंडोज नव्याने टाकायचं. बाबांचं लिखाण डी वर आहे, भाग मीच पाडले आहेत, डी ला धक्का लागत नाही. विंडोज उठलं की डी वरून पुस्तक पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि रविराजला पाठवून द्यायचं. कामावर मी हे शंभरदा केलं आहे. फक्त कामावर असा निर्णय घेण्यापूर्वी आम्ही एक कागद भरून घेतो. वापरणाऱ्याला विचारून, त्याच्या तोंडून, तुमचा डेटा कुठे कुठे आहे. तो कागद मीच तयार केलेला आहे.

मी मागे वळले. बाबा तसेच बसून होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर फिरून या. फ्लीट कालव्याच्या काठाने जा, ऊन आहे. येताना आल्बर्ट हाइनमधून ब्रेड आणा."

"मी काही मदत—"

"बाहेर गेलात तर मदत होईल."

त्यांनी मफलर गुंडाळला, टोपी घातली आणि ते गेले. दार लागल्याचा आवाज आला तेव्हा मला खरोखर हायसं वाटलं. हे मी लपवत नाही.

सी निवडला. मशीनने विचारलं, यावरचं सगळं जाईल, नक्की का? मी बटण दाबलं. पिवळी पट्टी हळूहळू पुढे सरकत गेली. मी वहीवरचा कप उचलून थंड चहा प्यायले. वहीच्या पुठ्ठ्यावर कपाचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. ते बाहीने पुसलं आणि वही खिडकीत ठेवली.

पावणेतीनला विंडोज उठलं. डिस्कमधून एकही वेडावाकडा आवाज नाही, एकही चूक नाही. मरणाऱ्या डिस्कचं हे वागणं मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी विजयाने डी उघडला.

डी मध्ये एकच फोल्डर होतं, 'प्रतीक्षाधीन' नावाचं. त्यात रविराजला लिहिलेली दोन पत्रं होती. बाकी काही नव्हतं.

मी डी बंद केला, पुन्हा उघडला. पुन्हा बंद केला. बाबा ब्रेड घेऊन आत आले ते माझ्या पाठीमागे येऊन थांबले.

"उठला का?" त्यांनी आनंदाने विचारलं.

"बाबा, पुस्तक कुठे आहे?"

"अभिलेख कक्षात. वहीत आहे सगळं."

मी खिडकीतून वही आणली. बाबांच्या टपोऱ्या अक्षरांत, पट्टीने आखलेले रकाने. अनुक्रमांक, फाईलचे नाव, फाईलवरील दिनांक, मूळ जागा, सध्याची जागा, वर्ग, अधिकाऱ्याची सही, शेरा. पहिल्या तीन ओळी इंग्रजी मोठ्या लिपीत: एनटीएलडीआर, एनटीडिटेक्ट, बूट डॉट आयएनआय. मूळ जागा: सी, बाहेर सुटी पडलेली. सध्याची जागा: सी, गठ्ठा क्रमांक सहा. वर्ग: ड. म्हणजे नष्ट करण्यायोग्य, सहीच्या प्रतीक्षेत. सकाळपासून मी ज्या फायलींच्या नावाने बोटं मोडत होते त्या तिन्ही, पत्त्यासकट, माझ्या चहाखाली होत्या. जिथून उचलल्या तिथे परत ठेवल्या असत्या तर सव्वानऊचं काम साडेनऊला संपलं असतं.

चौथी ओळ होती: बोर्डिंगातली मुलं, प्रकरणे एक ते चौदा, संपूर्ण. मूळ जागा: डी. सध्याची जागा: सी, अभिलेख कक्ष. वर्ग: अ. कायम जतन.

"सी मध्ये का ठेवलंत?" मी विचारलं.

"काल पुस्तक पूर्ण झालं ना. पूर्ण झालेलं टेबलावर ठेवत नसतात. तूच म्हणालीस, सी मध्ये कोणी हात लावत नाही. म्हटलं, याच्याइतकी सुरक्षित जागा नाही." बाबा समजावून सांगत होते, जणू मी नवीन लागलेली कारकून. "तिथे दारातच हे तीन कागद सुटे पडले होते. ना कुठल्या फोल्डरात, ना कोणी वर्षानुवर्षे पाहिलेले. हलवताना त्याने विचारलं, नक्की का? मी तारखा तपासल्याच होत्या. तरी नष्ट नाही केले. तुझी सही व्हायची होती."

अशा फायली साध्या माणसाला दिसतच नाहीत, विंडोज त्या लपवून ठेवतं. हातात आलेल्या प्रत्येक मशीनवर मी पहिलं काम काय करते, तर लपलेल्या फायली दिसतील असं करून ठेवते. तेवढी माझी सवय.

मी बाबांना सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं, कारण दुसरं काही सुचलंच नाही. "बाबा, मी सी पुसला."

त्यांनी ब्रेडची पिशवी टेबलावर ठेवली. टोपी काढली. "पेनड्राइव्हवर आहे ना? रविवारची."

"ऑगस्टपर्यंतची आहे."

"म्हणजे वासुदेवचं—"

"नाही."

ते बसले. मी पेनड्राइव्ह लावून हरवलेल्या फायली शोधणारा प्रोग्राम चढवला, जो पेनड्राइव्ह लावायला मी त्यांना बंदी केली होती तोच. साडेपाचपर्यंत तो डिस्क चाळत होता. नवं विंडोज नेमकं जुन्या गोष्टींच्या अंगावर जाऊन बसलं होतं. चार तुकडे निघाले. तीन उघडलेच नाहीत. चौथ्यात अर्धं पान होतं, बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातल्या घंगाळाचं वर्णन, आणि ते मधल्याच शब्दावर तुटलं होतं. या सगळ्या वेळात बाबा एकदाही म्हणाले नाहीत की मी वही दाखवत होतो. म्हणाले असते तर मला भांडता आलं असतं.

"काकांनी काय काय सांगितलं ते तुम्हाला आठवत असेल," मी म्हटलं. "आत्ता सांगा, मी लिहून घेते. आजच लिहू."

बाबांनी वहीचं नवं पान उघडलं. पट्टी घेऊन एक ते सतरा आकडे टाकले. मग लिहायला लागले. पहिलं नाव लगेच आलं, दुसरंही. तिसऱ्याला गाव आठवलं, नाव आठवेना. थांबले. चौथं, पाचवं. मग पेन नुसतं कागदावर टेकलेलं राहिलं.

"टाइप करताना मी ऐकत नसतो गं," ते म्हणाले. "बोटं ऐकतात. तीस वर्षं साहेबांची पत्रं टाइप केली, एकही आठवत नाही. कागदावर आलं की आपलं काम संपलं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू होतीस ना घरात? वासुदेव केवढ्याने बोलायचा. तुला काही आठवतं का?"

मी दार लावून घेतलं होतं. तेवढं मला त्यांना सांगता आलं नाही. मी फक्त नाही म्हटलं.

चार नावं आणि एक गाव. खालचे आकडे तसेच रिकामे राहिले. बाबांनी ते खोडले नाहीत. मी म्हटलं, "बाबा, मला काहीतरी बोला. रागवा तरी." माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मला स्वतःची इतकी चीड आली होती की ते पुसायलाही हात उचलवेना.

"रागवून काय होतं," बाबा म्हणाले. "नोंद राहिली आहे ती पूर्ण कर."

त्यांनी पान मागे उलटलं. आधीच्या तीन ओळींपुढे सहीच्या रकान्यात त्यांनी कालच पेन्सिलीने बारीक फुल्या करून ठेवल्या होत्या, मला शोधावं लागू नये म्हणून. चौथ्या ओळीपुढे फुली नव्हती. अ वर्गाला सही लागत नाही, कारण तो कधी नष्ट करायचाच नसतो. बाबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि तिथे चौथी फुली केली. मग पेन माझ्या हातात दिलं.

"शेऱ्यात काय लिहू?" मी विचारलं.

"जे झालं ते."

मी लिहिलं: वही न वाचता नष्ट केले. अक्षर वाकडं आलं. पुष्कळ वर्षांत मी मराठी हाताने लिहिलं नव्हतं. मग अलीकडच्या रकान्यात, फुलीवर, सही केली. बाबांनी चष्मा लावून ती वाचली.

"तारीख राहिली," ते म्हणाले. मी तारीख टाकली.